सरावात कामी आलेले

इंग्लंडच्या यॉर्कशर परगण्यात बकडेन पाइक नावाचा डोंगर आहे. उंची जेमतेम सातशे मीटर. आपल्या सिंहगडाचा माथा समुद्रसपाटीपासून याच्या जवळपास दुप्पट उंचीवर भरेल. या डोंगरावर एक दगडी क्रूस उभा आहे आणि त्याच्या चौथऱ्यात कोल्ह्याचं एक लहानसं कांस्याचं डोकं बसवलेलं आहे. जानेवारी १९४२ च्या अखेरीस ब्रॅमकोटच्या तळावरून एक वेलिंग्टन बॉम्बर सरावाच्या उड्डाणासाठी निघालं. आतले सहाही जण पोलिश होते. मायदेश हिटलरने गिळल्यावर ब्रिटिश विमानदलात येऊन ते पुन्हा लढायला शिकत होते. हिमवादळात वाट चुकली, विमान या डोंगरावर आदळलं. शेपटीकडचा गनर जोसेफ फुसनियाक तेवढा वाचला. पाय जायबंदी, भोवती बर्फच बर्फ. त्याला बर्फात कोल्ह्याच्या पावलांचे ठसे दिसले. भुकेला कोल्हा खाणं शोधत वस्तीकडेच जाणार, असं ताडून तो त्या ठशांमागे खुरडत उतरला आणि क्रे या वाडीपर्यंत पोचला. बाकीचे पाच जण दगावले. पुढे १९७३ मध्ये फुसनियाकने स्वतःच्या पुढाकाराने आपल्या पाच साथीदारांचं हे स्मारक उभारलं आणि कोल्ह्यालाही त्यात जागा दिली. त्या वेळी त्या आकाशात एकही जर्मन विमान नव्हतं. खालून तोफा धडधडत नव्हत्या. मारणाऱ्यांत होते वारा, ढग, बर्फ आणि नकाशावरचा चुकलेला हिशेब. मग हे पाच जण युद्धात मेले म्हणायचं की अपघातात?

हा शब्दांचा कीस वाटेल, पण आकडे पाहिले की तसं वाटत नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या बॉम्बर कमांडमध्ये सुमारे सव्वा लाख माणसांनी विमानांतून काम केलं. त्यांतले ५५,५७३ मेले. या मृतांपैकी आठ हजारांहून अधिक जण सराव किंवा तत्सम उड्डाणांतल्या अपघातांत गेले, म्हणजे दर सातांमागे साधारण एक. अमेरिकेचं चित्र आणखी चक्रावणारं आहे. डिसेंबर १९४१ ते ऑगस्ट १९४५ या काळात अमेरिकन लष्कराच्या विमानदलातले सुमारे पंधरा हजार लोक अमेरिकेच्याच भूमीवरच्या अपघातांत मेले. शत्रूचं एकही बॉम्बर जिथे पोचलं नाही अशा टेक्सास, फ्लोरिडा, कॅन्सससारख्या राज्यांत दिवसाकाठी सरासरी दहाहून अधिक माणसं मरत होती. फ्लोरिडातल्या मॅकडिल तळावर बी-२६ मरॉडर विमानं चालवायला शिकवत. त्या विमानाला धावपट्टीवर फार वेगात उतरावं लागे आणि नवशिक्यांच्या हातून ते आटोक्याबाहेर जाई. 'टँपाच्या खाडीत रोज एक' अशा अर्थाची यमकबद्ध म्हणच तिथे रूढ झाली. कोणत्याही सैन्याची माहितीपुस्तिका सांगणार नाही ते अशा म्हणी सांगून जातात.

आपल्या भाषेत या मृत्यूसाठी शब्द शोधू गेलं तर अडचण होते. धारातीर्थी पडायला समोर तलवारीची धार हवी. वीरगतीला रण हवं. हुतात्मा म्हणजे ज्याने स्वतःची आहुती दिली तो. ढगात वाट चुकलेल्या एकोणीस वर्षांच्या पोराला आपण आहुती देत आहोत हे ठाऊकच नसतं. महाराष्ट्रभर विखुरलेले वीरगळ पाहा. खालच्या चौकटीत झुंज, मधल्या चौकटीत अप्सरा वीराला वर नेताहेत, वरच्या चौकटीत शिवपूजन, माथ्यावर चंद्रसूर्य. गाईगुरं पळवणाऱ्यांशी लढताना मेलेल्यालाही वीरगळ मिळाला, पण खालच्या चौकटीत कुणीतरी शत्रू लागतोच. सरावात पडलेल्याच्या वीरगळावर पाथरवटाने खालच्या चौकटीत काय कोरावं? ढग? गंजलेलं इंजिन? उरतो तो 'अपघाती मृत्यू', आणि हा शब्द पंचनाम्याचा आहे. मात्र बखरींनी एक जुना, साधा शब्दप्रयोग जपून ठेवलाय: माणसं 'कामास आली', आजच्या बोलीत कामी आली. त्यात शत्रू असलाच पाहिजे अशी अट नाही. ज्या कामासाठी माणूस उभा राहिला त्या कामात तो खर्ची पडला, एवढंच त्यात आहे. या लेखाचं म्हणणं त्याच शब्दात सामावतं. सरावात मेलेले वैमानिक युद्धाच्याच कामी आले, म्हणून त्यांचं स्मारक व्हायला हवं. पण ते कसे कामी आले हेही त्या स्मारकाने सांगायला हवं. त्यांना वगळणं जसं चूक, तसं रणात पडलेल्यांच्या गर्दीत त्यांना बेमालूम मिसळून टाकणंही चूकच.

मुळात सराव इतका जीवघेणा का होता? त्याला कारणं होती आणि बहुतेक युद्धाचीच होती. ब्रिटनच्या पूर्व आणि दक्षिण किनाऱ्यावर जर्मन विमानांचा वावर, म्हणून पुष्कळसं प्रशिक्षण पश्चिमेकडे हलवलं गेलं. पण अटलांटिकवरून येणारे ढग अडवणारे डोंगरही तिकडेच, वेल्समध्ये, लेक डिस्ट्रिक्टमध्ये. शत्रूपासून दूर नेलेली पोरं डोंगराच्या तोंडी गेली. दिव्यांवर बंदी असल्याने रात्री खाली सगळा काळोख. दिशा शोधायची ती वेग, वेळ आणि वाऱ्याचा अंदाज यांची कागदावर बेरीज-वजाबाकी करून. वाऱ्याचा अंदाज थोडा चुकला की तासाभरात विमान कित्येक मैल बाजूला. उंची दाखवणारं यंत्र हवेच्या दाबावर चाले, खालच्या जमिनीशी त्याची ओळख नसे. त्यात प्रशिक्षणाच्या तुकड्यांना मिळायची ती आघाडीवर झिजून आलेली विमानं. चांगलं विमान बर्लिनला, दमलेलं विमान शाळेला, हा युद्धातला साधा व्यवहार होता आणि त्याला क्रूर म्हणताना जरा थांबावं लागतं, कारण उलट केलं असतं तर बर्लिनवर माणसं मेली असती. स्कॉटलंडमधल्या चार्टरहॉल तळावर रात्रीच्या लढाईचं शिक्षण चाले. तिथल्या लोकांनी त्याचं नाव 'स्लॉटरहॉल' करून टाकलं होतं, म्हणजे कत्तलीची जागा. 'द लास्ट एनिमी' लिहिणारा रिचर्ड हिलरी इथेच मेला. १९४० च्या ब्रिटनवरील हवाई लढाईत तो जळत्या विमानातून कसाबसा वाचला होता. चेहरा आणि हात भाजलेले, मग शस्त्रक्रियांवर शस्त्रक्रिया. तरी हट्टाने तो पुन्हा उड्डाणाला आला आणि ८ जानेवारी १९४३ च्या रात्री सरावाच्या ब्लेनहाइम विमानात आपल्या नॅव्हिगेटरसह कोसळला. जे जर्मन गोळ्यांना जमलं नाही ते चार्टरहॉलच्या अंधाराला जमलं.

पहिला आक्षेप इथेच येतो, आणि तो हलका नाही. ज्यांनी शत्रूच्या तोफांत शिरून बॉम्ब टाकले, तीस-तीस फेऱ्या केल्या, त्यांच्या ओळीत ज्याने शत्रू कधी पाहिलाच नाही त्याला बसवायचं का? असं केलं तर शौर्य या शब्दाला अर्थ काय राहिला? या आक्षेपामागे एक गृहीतक आहे: शाळा आणि रण यांच्यामध्ये स्पष्ट कुंपण असतं. विमानदलात ते नव्हतं. ३० मे १९४२ च्या रात्री बॉम्बर कमांडचा प्रमुख आर्थर हॅरिसने कलोन शहरावर हजार विमानांचा हल्ला चढवला. हजाराचा आकडा जगाला दाखवायचा होता आणि आघाडीच्या तुकड्यांत तेवढी विमानं नव्हती. मग शाळा रिकाम्या केल्या गेल्या. त्या रात्री उडालेल्या १,०४७ विमानांपैकी तीनशेहून अधिक प्रशिक्षणाच्या तुकड्यांतली होती. त्यांत शिकवणारे होते, शिकणारेही होते, आणि काही विमानं परतली नाहीत. आदल्या आठवड्यात वेल्सच्या डोंगरावर आदळलेला मुलगा 'अपघातात' आणि या आठवड्यात कलोनवर पडलेला त्याचा वर्गमित्र 'युद्धात', असा भेद करायचा तर त्याला तारखेखेरीज दुसरा आधार सापडत नाही. शिक्षणाच्या शेवटी फ्रान्सवर पत्रकं टाकायला धाडण्याचीही पद्धत होती. ती फेरी परीक्षाही होती आणि मोहीमही. शौर्य मोजायला पदकं आहेत, ती त्यासाठीच असतात. स्मारक पदकासारखं वागू लागलं की कुणाच्या मृत्यूला किती तोळे, असा तराजू हातात घ्यावा लागतो.

हा तराजू प्रत्यक्षात वापरला गेला तेव्हा काय झालं, याचे पुरावे आहेत. १९४६ मध्ये अमेरिकेच्या युद्धखात्याने आपल्या मृतांच्या याद्या प्रसिद्ध केल्या, राज्यवार आणि काउंटीवार. प्रत्येक नावापुढे एक लघुसंज्ञा. लढाईत ठार झालेल्यापुढे 'केआयए', आणि सरावात, आजारात, वाहनाच्या अपघातात गेलेल्यापुढे 'डीएनबी', म्हणजे लढाईविना मृत. हिशेबनीसाच्या दृष्टीने ही नोंद चोख आहे. पण आयोवातल्या एखाद्या गावात शेजारच्या घरच्या पोरापुढे 'केआयए' आणि आपल्यापुढे 'डीएनबी' वाचणाऱ्या बापाला ती कशी लागली असेल, याची कल्पना करायला फार प्रतिभा नको. शत्रूच्या हातून जखमी झालेल्याला किंवा मेलेल्याला मिळणारं 'पर्पल हार्ट' पदकही सरावातल्या मृत्यूला मिळत नाही. पदकाचा नियम समजू शकतो. बोचते ती 'डीएनबी' या संज्ञेतली नकारार्थी घडण. मुलगा कसा मेला हे ती सांगत नाही, तो कशात मेला नाही एवढंच सांगते.

स्त्रियांच्या बाबतीत तराजू आणखी झुकला. 'वास्प' या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकन स्त्री वैमानिक विमानं कारखान्यांतून तळांवर पोचवत, नेमबाजी शिकणाऱ्या सैनिकांसाठी विमानामागे कापडी लक्ष्य ओढत नेत, दुरुस्त झालेली विमानं तपासत. प्रशिक्षण पूर्ण केलेल्या १,०७४ जणी. प्रशिक्षणात आणि कामावर मिळून ३८ मृत्युमुखी पडल्या. सैन्याच्या लेखी त्या नागरी कर्मचारी होत्या. म्हणून शवपेटीवर राष्ट्रध्वज नाही, लष्करी मानवंदना नाही. शव घरी पोचवायचा खर्च भागवायला मैत्रिणींनी वर्गणी काढल्याची उदाहरणं आहेत. १९७७ मध्ये कायदा होऊन त्यांना माजी सैनिकांचा दर्जा मिळाला, २०१० मध्ये अमेरिकन काँग्रेसचं सुवर्णपदक आलं. तरीही २०१६ मध्ये, त्यांच्यातल्या एकीच्या अस्थी आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत ठेवण्यासाठी आणखी एक कायदा करावा लागला. शत्रूसमोर मेला तोच खरा, हे तत्त्व एकदा मान्य केलं की हे सगळं त्याच्या मागोमाग येतं.

ब्रिटिश साम्राज्याने वेगळी वाट धरली होती. १९१७ मध्ये स्थापन झालेलं वॉर ग्रेव्ह्ज कमिशन हुद्दा, पैसा, धर्म आणि मृत्यूचं कारण न पाहता सर्वांना सारखा दगड देण्याच्या तत्त्वावर उभं राहिलं. ठरलेल्या तारखांच्या आत सैनिकी सेवेत मेलेला प्रत्येक जण त्याच्या वहीत येतो. गोळीने मेलेला, तापाने मेलेला, वेलिंग्टनमध्ये डोंगरावर आदळलेला, सगळे. (पहिल्या महायुद्धातल्या हजारो भारतीय आणि आफ्रिकी मृतांची नावं या समतेतून गळाली, हे खुद्द कमिशनच्याच समितीने २०२१ मध्ये कबूल केलं, समतेच्या गप्पांना असे खड्डे असतात.) सरावातल्या मृतांपुरता हा नियम मात्र पाळला गेला. कॅनडाच्या राजधानीत ओटावा मेमोरियल आहे, १९५९ मध्ये राणी एलिझाबेथने उद्घाटन केलेलं. कॅनडा, अमेरिका आणि वेस्ट इंडीजच्या परिसरात सेवेत असताना मेलेल्या आणि ज्यांचं थडगंच नाही अशा सुमारे आठशे विमानदलीयांची नावं तिथे आहेत. कॅनडात राष्ट्रकुलाच्या प्रशिक्षण योजनेने एक लाख एकतीस हजारांवर वैमानिक, नॅव्हिगेटर, गनर तयार केले. तिथली सरोवरं, जंगलं आणि दोन्हीकडचे समुद्र एवढे अफाट की शिकायला निघालेलं विमान नाहीसं व्हायचं आणि सापडायचंच नाही. डिसेंबर १९४० मध्ये ऑन्टारिओतल्या मस्कोका सरोवरावर एका बेपत्ता शिकाऊ वैमानिकाचा शोध घ्यायला गेलेली दोन नोमॅड विमानं एकमेकांवर आदळली. शोधायला गेलेलेच शोधायची वेळ आली. त्यांतलं एक विमान सरोवराच्या तळाशी सापडलं ते २०१० मध्ये.

मग समतेचा दगड दिला, प्रश्न मिटला? मला तसं वाटत नाही, आणि वादाचं खरं टोक इथेच आहे. सारखा दगड अन्याय टाळतो, पण गप्पही बसतो. त्यावर नाव, हुद्दा, तुकडी, तारीख, वय आणि घरच्यांनी निवडली असेल तर एखादी ओळ. कसा मेला, हे नाही. वाचणारा मनातल्या मनात लढाईचं चित्र काढून मोकळा होतो. राष्ट्रीय स्मारकं त्या चित्रात रंग भरतात. लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये २०१२ मध्ये बॉम्बर कमांडचं स्मारक झालं. फिलिप जॅक्सनने घडवलेले सात कांस्यपुतळे, मोहिमेवरून नुकतेच परतलेले, दमलेले, काहींच्या नजरा आकाशाकडे. शिल्प उत्तम आहे. पण मृतांतला सातवा भाग त्या चित्रात कधी नव्हताच; तो मोहिमेवर मेलाच नाही. याउलट लिंकनमध्ये २०१८ मध्ये खुल्या झालेल्या आंतरराष्ट्रीय बॉम्बर कमांड केंद्राने सुमारे ५८,००० नावं पोलादी भिंतींवर कोरली आणि त्याच्या जोडीला प्रत्येक मृत्यूची हकीकत गोळा करणारी नोंदवही तयार केली. भिंतीवर सगळे सारखे, वहीत प्रत्येकाचं वेगळं. मधल्या स्तंभाची उंची ३१ मीटर आहे, म्हणजे लँकेस्टर विमानाच्या एका पंखटोकापासून दुसऱ्यापर्यंतच्या रुंदीएवढी. पण मला त्या स्तंभापेक्षा ती वही मोलाची वाटते.

कारण न सांगता आठवण ठेवली की काय निसटतं, याचं एक उदाहरण लिंकनच्याच आसपास आहे. जॉन गिलेस्पी मॅगी, अमेरिकन, कॅनडाच्या विमानदलातून ब्रिटनला आलेला, वय एकोणीस. ११ डिसेंबर १९४१ रोजी सरावादरम्यान ढगातून खाली येताना त्याच्या स्पिटफायरची एका ऑक्सफर्ड विमानाशी टक्कर झाली आणि तो मेला. त्याने काही महिन्यांपूर्वी आई-वडिलांना पत्रातून एक कविता पाठवली होती, 'हाय फ्लाइट'. ती जगभर गेली. १९८६ मध्ये चॅलेंजर यान फुटलं तेव्हा रोनाल्ड रेगननी भाषणात तिचेच शब्द घेतले. स्कॉपविक गावात त्याच्या थडग्यावरही त्याच कवितेतले शब्द आहेत. आणि ते दुसरं विमान? त्यात क्रॅनवेलचा एक शिकाऊ वैमानिक होता, तोही त्याच टकरीत मेला. कवितेचे चाहते मॅगीला आकाशाच्या कुशीत गेलेला मानतात. ढगाखाली दोन सरावाच्या विमानांनी एकाच वेळी एकच जागा घेतली, हे क्वचित सांगितलं जातं. कारण लपलं की दुसरा माणूसही लपतो.

दुसरा आक्षेप याच्या बरोबर उलट्या दिशेने येतो. कारण सांगायचं म्हणता, पण कारण नेहमी शोभणारं असेल कशावरून? कितीतरी पोरं प्रेयसीच्या घरावरून, आईवडिलांच्या गावावरून हौसेने खाली उडत गेली आणि झाडावर, तारेवर आदळली. नियम मोडून मेलेल्याचं 'नियम मोडून मेला' असं स्मारक करणार का? आई-बापांनी काय करायचं? हा आक्षेप दयेतून येतो, म्हणून त्याचं उत्तर दयेनेच द्यायला हवं, पण खरंही द्यायला हवं. खाली उडण्याची खुमखुमी होती, हे खरं. ब्रिटिश विमानदलाने तर 'टी एम' या मासिकात पायलट ऑफिसर प्रून नावाचं एक महामूर्ख पात्र निर्माण केलं, ज्याच्या प्रत्येक घोडचुकीवर सगळे हसत आणि हसता हसता शिकत. पण 'वैमानिकाची चूक' या शिक्क्याखाली नेमकं काय दडलं होतं, हे युद्धकाळातच उघड होऊ लागलं. १९४३ मध्ये आल्फोन्स चपॅनिस या तरुण मानसशास्त्रज्ञाला विचारलं गेलं की बी-१७ बॉम्बरचे वैमानिक जमिनीवर उतरल्यावर चाकंच आत का ओढून घेतात? कॉकपिटमध्ये पाहिल्यावर उत्तर मिळालं. चाकांचा खटका आणि पंखांच्या झडपांचा खटका शेजारी शेजारी, दिसायला सारखेच. थकलेला हात झडपा मिटायला जाई आणि चाकं मिटून बसे. चपॅनिसने एका खटक्याला चाकाच्या आकाराची मूठ लावली, दुसऱ्याला पाचरीसारखी. १९४७ मध्ये पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी अशा ४६० चुकांच्या हकिगती गोळा करून तपासल्या. पुष्कळशा चुकांचं मूळ मांडणीत निघालं: खटके सारखे, जागा दर विमानात वेगळी, हाताची सवय फसवणारी. आजही मोठ्या प्रवासी विमानांत चाकांच्या खटक्याची मूठ चाकासारखी आणि झडपांची पंखासारखी असावी, असा नियम आहे. मुंबईहून दिल्लीला जाणाऱ्या विमानातसुद्धा त्या मुठी आहेत. मेलेल्यांच्या चुका झाकून ठेवल्या असत्या तर त्या मुठी घडल्या नसत्या.

म्हणून दया आणि सत्य यांत इथे फारसं भांडण नाही. 'वैमानिकाची चूक' ही दोन शब्दांची नोंद क्रूर आहे, कारण ती अर्धी आहे. 'हिमवादळात, रात्री, जुन्या विमानात, वाट शोधताना' ही पूर्ण नोंद आई-बापांनाही पेलवते. खरी बेपर्वाई निघाली तर? तीही सौम्य शब्दांत सांगता येते. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाच्या हाती हजार अश्वशक्तीचं इंजिन देऊन त्याला मरणाला भिऊ नकोस असं रोज शिकवणाऱ्या सैन्याने, तो खरंच भ्याला नाही म्हणून तोंड फिरवावं, हे मला पटत नाही.

तिसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा: किती दगड उभारणार, आणि पुसणार कोण? ब्रिटनच्या डोंगरांवर विमानांचे अवशेष इतके आहेत की १९८६ च्या कायद्याने लष्करी विमानांच्या साऱ्या अवशेषांना आपोआप संरक्षण दिलं. परवान्याशिवाय त्यांना हात लावता येत नाही. वेल्समधल्या ब्रेकन बीकन्सच्या पठारावर १९४२ मध्ये आदळलेल्या एका वेलिंग्टनचे वाकलेले पत्रे दगडांच्या राशीशेजारी अजून पडून आहेत. पाच कॅनेडियन त्यात गेले. पायी येणारे खसखशीची कागदी लाल फुलं तिथे ठेवून जातात. सरकारचा खर्च शून्य. स्मारक टिकतं ते आसपासच्या कुणाला तरी ते आपलं वाटतं म्हणून. फ्लोरिडातल्या आर्केडियात ब्रिटिश विमानदलाच्या २३ कबरी आहेत, आणि गावकरी दरवर्षी स्मृतिदिनी तिथे कार्यक्रम करतात. ओक्लाहोमातल्या डोंगरांत २० फेब्रुवारी १९४३ रोजी टेक्सासहून निघालेल्या सरावाच्या विमानांपैकी दोन कोसळली, चार ब्रिटिश मुलं मेली. २००० मध्ये नेमक्या त्याच तारखेला तिथे दगड बसला, शाळकरी मुलांच्या धडपडीतून. आणि काही स्मारकांना दगडाची गरजच पडली नाही. वेल्समधल्या लँडरॉग तळावरच्या जॉर्ज ग्रॅहम या डॉक्टरने १९४२ पासून कोसळलेल्या विमानांतल्या जिवंत माणसांना डोंगरावरून खाली आणायला स्वयंसेवकांची टोळी जमवली. गिर्यारोहणाचं शिक्षण, दोर, हलके स्ट्रेचर, वायरलेस. त्यातून ब्रिटिश विमानदलाची पर्वतीय बचाव सेवा उभी राहिली, आणि पुढे तिने विमानांपेक्षा वाट चुकलेले गिर्यारोहकच जास्त वाचवले.

ऑक्टोबर १९४२ मध्ये व्हँकूव्हर बेटावरून सरावाला उडालेलं एक अ‍ॅन्सन विमान चौघांसह बेपत्ता झालं. तीन ब्रिटिश, एक कॅनेडियन. त्यांची नावं ओटावाच्या स्मारकावर गेली, कारण दुसरं काही उरलं नव्हतं. २०१३ मध्ये लाकूडतोड्यांना डोंगरात ते सापडलं आणि पुढच्या वर्षी, नोव्हेंबर २०१४ मध्ये, लष्करी मानाने चौघांना एका कबरीत पुरलं गेलं. बहात्तर वर्षांनंतर तिथे मानवंदना देणाऱ्या कुणीही, हे शत्रूसमोर मेले का, असं विचारलं नाही. ते कुठे आणि कसे सापडले, हे मात्र सर्वांना हवं होतं.

पुण्यात खडकीची युद्ध दफनभूमी आहे. पश्चिम आणि मध्य भारतात जिथे कबरींची कायमची देखभाल होणं शक्य नव्हतं, अशा ठिकाणांहून दुसऱ्या महायुद्धातले मृत इथे एकत्र आणले गेले. राष्ट्रकुलाच्या अशा १,६६८ कबरी तिथे आहेत. त्या बाजूला कधी जाणं झालं तर पंख पसरलेल्या गरुडाचं चिन्ह असलेले दगड पाहा, ते विमानदलाचे. नाव वाचा, वय वाचा, तारीख वाचा. तो माणूस कुठे पडला आणि कशाने पडला, हे दगडावर नाही.